पानमळ्याच्या विहिरीतलं तेल

होळी झाली की विहिरी खाली उतरायला लागतात. पाणी रोज वीतभर खाली जातं आणि काठाखालच्या दगडावर ओल्या रेघा ठेवत जातं. माझं आता असं झालं आहे, की रस्त्यात विहीर दिसली आणि कठडा धड असला, तर वाकून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. घरची माणसं याला म्हातारचळ म्हणतात. परभणीत आता विहिरी उरल्यात त्याही बहुतेक कचरा टाकायच्या कामाच्या; पण चैत्रातली विहीर, मग ती कितीही वाईट दिवसांत असो, मला आतून काहीतरी दाखवते. वर्षभर पाण्याखाली लपलेला खडक तेव्हा उघडा पडतो आणि माणसासारखाच, पाणी ओसरल्यावर, खरा कसा आहे ते दिसतं.

परवा भर दुपारी बाजाराच्या रस्त्यावर एका टेंपोच्या टाकीतून डिझेल सांडलं. डांबरावर रंगीत वर्तुळं पसरली, रिक्षावाले शिव्या देत वळसा घालून जायला लागले. मी मात्र थांबलो आणि छाती भरून वास घेतला. एक ओळखीचा पानवाला म्हणाला, "सर, बरं वाटंना झालंय का?" मी म्हणालो, लय बरं वाटायलंय.

कारण तो वास मला जिथे घेऊन जातो, तिथे आम्ही जिंकलो होतो. आयुष्यात अशा जागा फार नसतात.

*

वालूरच्या अलीकडे एका गावात मी सरकारी शाळेत मास्तर होतो. राज्य निजामाचं, शाळा उर्दूची, मुलं मराठी बोलणारी, आणि मास्तर चोवीस वर्षांचा. पुस्तकं भरपूर वाचली होती. त्यामुळे जगाबद्दलची माझी सगळी मतं तयार होती. जग तेवढं पाहायचं राहिलं होतं.

गावाबाहेर एका शेठजींची कापसाची जिनिंग होती. त्या वर्षी दसऱ्याला त्यांनी नवं इंजिन आणलं. इंजिनाला हार घातले, नारळ फोडले, परभणीहून बँड मागवला. जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी अर्धा तास भाषण केलं. त्यात 'तरक्की' हा शब्द इतक्या वेळा आला, की शेवटी शेवटी बँडवाले त्यावर ठेका धरायला लागले. मग इंजिन सुरू करायला गेले तर ते होईना. लोखंड एवढं समजूतदार असतं हे मला त्या दिवशी कळलं. साहेब जेवून परत निघाले, तेव्हा कुठे ते फुक-फुक करायला लागलं. मग मात्र संक्रांत गेली, शिमगा आला, तरी थांबलं नाही.

हे इंजिन काळं तेल प्यायचं. सेलूहून बैलगाड्यांतून पिंपं यायची आणि इंजिनघरामागे जमिनीत खणलेल्या हौदात ओतली जायची. हौद दगडी, आतून चुन्याचा गिलावा, वर लाकडी झाकण. हंगामाच्या मध्यावर शेठजींच्या लक्षात आलं, की इंजिन पितं त्याहून जास्त तेल संपतंय. त्यांनी हौदावर पहारेकरी बसवला. पहारेकरी इमानी होता, कोणालाही जवळ फिरकू देत नव्हता. चोर वरून येतो, अशी त्याची समजूत होती. तेल खालून जात होतं.

*

जिनिंगपासून दोन शेतं पलीकडे, मधे एक कोरडा ओढा सोडून, शिवकांताकाकूंचा पानमळा होता. ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांना मराठवाड्याचा उन्हाळा निम्माच ठाऊक आहे. बाहेर जमीन भाजते आहे, नजर लांबवर न्यावी तर हवा हलताना दिसते, आणि आत शेवरीच्या झाडांवर चढलेल्या नागवेलींच्या रांगांमध्ये हिरवा, ओला अंधार. मातीला पेटीत ठेवलेल्या कापडासारखा गारवा. पानमळ्यात कोणी चपला घालून जात नाही. तो देवळासारखा मानतात. बाहेर तापलेल्या धुळीत चपला काढून आतल्या चिखलात पहिलं पाऊल टाकायचं, हे सुख मी नंतर मोठमोठ्या ठिकाणी शोधलं, सापडलं नाही.

काकू लिंगायत. गळ्यात चांदीच्या करडीत, म्हणजे छोट्या डबीत, इष्टलिंग, कपाळावर भस्माची तीन बोटं, आणि जीभ अशी की गावातले वकिली करणारे लोक त्यांच्या दारावरून जाताना आवाज खाली आणत. त्यांचे यजमान महारुद्रअप्पा हे अगदी मऊ गृहस्थ. मोट हाकताना ते बैलांशी सुद्धा अजीजीनं बोलत. पानमळा खऱ्या अर्थानं काकूंचा होता. अप्पा त्यात राहत असत.

चैत्राच्या सुरुवातीला विहीर बरीच खाली गेली आणि एका सकाळी अप्पांची मोट वर आली ती वेगळाच वास घेऊन. कातडी मोटेतलं पाणी दगडी कुंडीत पडलं, पाटाला लागलं, आणि पाटातल्या पाण्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखे रंग सरकायला लागले. बैलांनी तोंड लावलं आणि फुरफुरून मान फिरवली. दोन दिवसांनी परभणीच्या बाजारातून पानाची करंडी परत आली. घेणाऱ्यानं निरोप धाडला होता: तुमच्या पानाला चुना लावायचा, का काडी?

*

गावानं विचार करायला सुरुवात केली. आमचं गाव एकदा विचाराला बसलं की कोणत्याही टोकाला जाऊ शकत असे. कोणी म्हणालं करणी, कोणी म्हणालं विहिरीच्या देवीला विटाळ झाला. पण शेठजी स्वतः येऊन विहिरीत डोकावले, कुंडीत बोट बुडवून नाकाशी नेलं, आणि म्हणाले, "अरे, ही तर खाण आहे! तेलाचा झरा लागलाय!"

कोणीतरी जिनिंगच्या हौदाचं नाव काढलं. शेठजी हसले. "जिनिंग खाली, विहीर वर, मधे ओढा. तेल काय डोंगर चढतं का?" आणि खरंच, ओढ्याकाठची, उतारावरची दुसरी विहीर स्वच्छ होती. शेठजींना हे मनापासून वाटत होतं का, ते मी आजही सांगू शकत नाही. सोयीची गोष्ट खरी वाटायला माणसाला फार वेळ लागत नाही.

सरकारला कळवायचं ठरलं. उर्दू अर्ज लिहायला मी.

इथे माझी कबुली आहे. मला तो सगळा प्रकार इतका हास्यास्पद वाटला, की मी थट्टेनं लिहायचं ठरवलं. दरबारी उर्दूत जेवढी म्हणून कलाबूत असते तेवढी सगळी मी त्या कागदावर ओतली. या मुलखाच्या धरतीनं सरकारची कीर्ती ऐकून आपलं काळीज फोडलं आणि त्यातलं काळं सोनं सरकार-ए-आलींच्या कदमांवर ठेवलं, असं काहीतरी. लिहिताना एकटाच हसत होतो. वाचणारा कोणी शहाणा असेल तर तोही हसेल आणि कागद फेकून देईल, असा माझा अंदाज होता. सरकारला थट्टा कळत नाही, हे मला एकाही पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

आठवड्याच्या आत साहेब हजर. तेच, तरक्कीवाले. पुढे दोन शिपाई, मागे पेटी डोक्यावर घेतलेला एक, त्याच्यामागे छत्री. साहेब सरळ पानमळ्यात शिरायला लागले.

"बूट काढा, साहेब," काकू म्हणाल्या.

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायानं जमिनीकडे पाहिलं. अप्पा हात जोडून म्हणाले, "र्‍हाऊ द्या की आता, साहेब मानूस हाय."

"मी बी मानूसच हाय. मी काढते न्हवं चपला?"

साहेब बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी बूट काढले. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. त्यानंतर ते जे काही बोलले त्याचा रुबाब माझ्यावर पडू शकला नाही.

"बाई, ये तो मुल्क की दौलत है," ते म्हणाले. जमिनीवरचं पीक रयतेचं, जमिनीखालचं सगळं सरकारचं. पेटीतून लाल लाख निघाली, मेणबत्ती निघाली, आणि मोटेच्या चाकाला दोरी बांधून तिच्यावर सरकारी मोहोर उमटवण्यात आली. चाक फिरलं तर मोहोर तुटेल. मोहोर तुटली तर कैद. दोन बाटल्यांत तेल भरून त्यांनाही लाख लावली आणि त्या हैदराबादला रवाना झाल्या. पट्टेवाला शिपाई लिंबाखाली बसवून साहेब बूट घालून गेले.

दुपारी शिपायाला तहान लागली. त्यानं काकूंकडे पाणी मागितलं.

"विहीर सरकारची हाय, बाबा," काकू म्हणाल्या. "सरकारला माग."

थोड्या वेळानं तांब्याभर ताक मात्र पाठवलं.

*

दुसऱ्या दिवशी काकू शाळेत आल्या. वर्गात पाढे चालले होते ते थांबले.

"मास्तर, अर्जी तुमी लिवली?"

"हो."

"काय लिवलंत, वाचा."

माझ्याजवळ कच्चा कागद होता. मी मराठी करून सांगायला लागलो. धरतीचं काळीज आलं तेव्हा मला प्रथमच वाटलं, की विनोद ओरडून वाचायची गोष्ट नाही.

"माझ्या विहिरीचं काळीज तुमी सरकारच्या पायावर ठिवलंत," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "मला इचारलं व्हतं का? तेल वर तरंगतंय म्हून आमी मोट खोल बुडवून खालचं पानी वडायलो व्हतो. येल जगत व्हता. आता चाकच बांधलं. आठ दिस पानी न्हाई भेटलं की येल मान टाकतोय. तीन वर्सं लागत्यात त्याला उभा करायला. तुमचा इनोद लय चांगला हाय, मास्तर. आता त्याला पानी घाला."

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मी ओढ्याकाठच्या विहिरीवरून घागरी वाहायला लागलो. गल्लीतल्या बायका आधीच वाहत होत्या. पहिल्या दिवशी माझी घागर अर्ध्यावर सांडली तेव्हा त्या एवढ्या हसल्या, की मला वाटलं माफी मिळाली. मिळाली नव्हती. त्या चैत्राचं ऊन मला खांद्यांत आठवतं. आधीची पाच-सहा वर्षं मी ज्या गोष्टींवर टीका करत होतो, त्यांपैकी एकीचीही मी घागर वाहिलेली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. सगळा मळा जगवणं शक्यच नव्हतं. सहा रांगा धरल्या. बाकीच्यांकडे कोणी बघत नसे.

*

यल्लप्पा वडार देवगावकडे एका विहिरीच्या कामावर गेला होता, तो परत आला. काकूंची विहीर त्यानंच खणली होती. वय साठीच्या पुढचं, डोळे सुरुंगाच्या धुरानं कायमचे लालसर. त्यानं सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारलं, "जिनिंगच्या हौदात तेल किती उरलं?"

"का रे?" मी म्हणालो.

"तो खड्डा बी मीच खनला. तळाला खडकात एक फट लागली व्हती, बोट जाईल येवढी. मी म्हनलं हितं नगं, सरकवा. तर शेठ म्हनले चुना मारला की झालं." तो थुंकला. "चुन्यानं फट दिसायची बंद व्हती, मास्तर. फट बंद न्हाई व्हत."

"पण ओढा मधे आहे. आणि विहीर तर चढावर."

"तुमी वरची जमीन बघायलाव. खालची बघा. चला."

तो विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागला. शिपाई धावत आला. यल्लप्पा थांबून अदबीनं म्हणाला, "जमादार, सील चाकाला हाय. पायऱ्याला न्हाई." शिपायानं चाकाकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा लिंबाखाली जाऊन बसला.

पायऱ्या निम्म्यात संपल्या. पुढे खडकाच्या खाचांत पाय ठेवत उतरलो. वरचं आभाळ परातीएवढं झालं. पहिल्यांदा काळी माती, मग पांढरट चुनखडीचा थर, मग मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण, उभ्या-आडव्या चिरांनी फुटलेला, रचून ठेवलेल्या विटांसारखा. यल्लप्पा हातानं खडक चाचपत होता, जसा बैल विकत घेणारा बैलाला चाचपतो. पाण्याच्या थोडं वर त्यानं माझा हात धरून भिंतीला लावला. तिथे हातभर जाडीचा विटकरी थर होता, चिकट, भाजलेल्या मडक्याच्या रंगाचा. काळ्या खडकाच्या दोन थरांमधे कोणीतरी घडी घालून ठेवावा तसा.

"ह्यो तांबडा. ह्याच्यातून काय बी खाली जात न्हाई. वरनं आलेलं पानी फटीफटीतनं उतरतं, ह्याच्यावर येऊन बसतं आन् ह्याच्या उतारानं चालतं. आन् ह्याचा उतार हिकडं हाय. जिनिंगकडनं हिकडं. वर ओढा कुटं जातो त्येचं ह्याला काय?"

आणि खरोखरच, तांबड्या थराच्या लगेच वर, जिनिंगच्या बाजूच्या चिरेतून काळसर तेल पाझरत होतं. घामासारखं. एक थेंब फुगायचा, बराच वेळ विचार करायचा, मग भिंतीवरून सरकायचा. समोरच्या बाजूची चीर स्वच्छ, तिच्यातून निर्मळ पाण्याची करंगळीएवढी धार. मी कितीतरी वेळ त्या दोन चिरांकडे आळीपाळीनं पाहत होतो. भूगोलाच्या पुस्तकात मी मुलांना शिकवत असे, की पाणी उताराकडे वाहतं. कोणता उतार, हे पुस्तकात नव्हतं.

*

साहेब पुन्हा आले होते आणि जिनिंगच्या ओसरीत लोडाला टेकून शेठजींकडे सरबत घेत होते. हैदराबादचा अहवाल आला नव्हता, पण खाणीला काय नाव द्यायचं यावर चर्चा चालू होती. आम्ही चौघं जाऊन उभे राहिलो: काकू, मी, यल्लप्पा, आणि सगळ्यांच्या मागे, घरीच राहायची इच्छा असलेले अप्पा.

मी नीट मांडायचा प्रयत्न केला. हौदातलं तेल, फट, तांबडा थर. शेठजी म्हणाले, "मास्तर, तुम्हीच तर लिहून दिलंत की झरा आहे म्हणून." ते खरं होतं.

यल्लप्पानं हौद उघडून बघायची परवानगी मागितली. शेठजी म्हणाले, हंगाम संपून महिना झाला, इंजिन बंद आहे, हौद अर्धा भरलेला आहे, त्यात बघायचं काय? आणि कमी निघालं तर तुम्ही म्हणाल खाली गेलं, मी म्हणेन चोरीला गेलं.

तेव्हा काकू पुढे आल्या.

"साहेब, माझ्या विहिरीला सील लावलंत तसं ह्यांच्या हौदाला बी लावा. आज उघडून खूण करा, आन् झाकून वर लाख वता. आठ दिसांनी तुमीच उघडा. चोर काय सरकारचं सील फोडून तेल न्हील व्हय?"

साहेबांच्या चेहऱ्यावर प्रथमच खरा आनंद दिसला. सील लावणं ही त्यांच्या हातातली कला होती आणि जिल्ह्यात तिला वाव कमी होता. शेठजी नको म्हणू शकले नाहीत. सरकारी मोहोरेवर अविश्वास कसा दाखवणार? झाकण उघडलं. तेल जिथवर होतं तिथे यल्लप्पानं छिन्नीनं दगडावर आडवी रेघ मारली. झाकण बसलं, चारी बाजूंनी लाख ओतली, मोहोर उमटली. शेठजींचाच पहारेकरी आणि सरकारी शिपाई, दोघांना दोन बाजूंना बसवलं.

ते आठ दिवस मला वर्षासारखे गेले. सहा रांगांपैकी दोन गेल्या. चौथ्या दिवशी नागवेलीचं एक पान माझ्या हातात कागदासारखं चुरलं आणि काकूंनी ते पाहिलं. यल्लप्पाची फट आता चिखलानं बुजली असेल तर? तेल त्या आठ दिवसांतच थांबलं तर? मी रोज पायऱ्या उतरून त्या चिरेसमोर बसायचो. थेंब फुगताना दिसला की जीव भांड्यात पडायचा. विहिरीत तेल यावं म्हणून मी मनातल्या मनात काकुळतीला आलो होतो, आणि त्याच तेलापायी सुकणाऱ्या वेलांसाठी घागरी वाहत होतो.

आठव्या दिवशी सगळं गाव जिनिंगच्या आवारात. साहेबांनी चारही मोहोरा पाहिल्या, सगळ्यांना दाखवल्या, स्वतःच्या हातानं फोडल्या. झाकण निघालं. छिन्नीची रेघ कोरडी होती. तेल तिच्या चार बोटं खाली गेलं होतं.

साहेब वाकून रेघेकडे पाहत राहिले. मग त्यांनी उगीचच हौदाच्या भोवती एक फेरी मारली.

"बोला की शेठ," काकू म्हणाल्या. "कोन चोर?"

शेठजी हौदात पाहत हळूच म्हणाले, "खडकानं दगा दिला."

"खडकानं न्हाई, मालक," यल्लप्पा म्हणाला. "खडकानं तर आधीच सांगितलं व्हतं. माझ्याच तोंडून."

एवढा मोठा हशा त्या गावात मी पुन्हा ऐकला नाही. त्या हशात शिपाई होता, पहारेकरी होता, आणि अप्पासुद्धा होते. साहेबांनी तिथेच कागद मागवून चाक मोकळं करण्याचा हुकूम दिला. तो कागद मला लिहायला सांगितला. आयुष्यातला सर्वांत लहान उर्दू मजकूर मी त्या दिवशी लिहिला. दोन ओळी. एकही उपमा नाही.

शेठजींनी नुकसान भरून देण्याची भाषा काढली, तेव्हा काकू म्हणाल्या, "मला तुमचं काय बी नगं. बैल द्या. तीन जोड्या, मिरगापत्तुर."

*

चाक सुटलं, हौद रिकामा करून तेल पुन्हा पिंपांत भरलं, पण खडकात गेलेलं तेल होतंच. गावातले जाणते म्हणाले, विहीर बुजवा, दुसरी खणा. यल्लप्पा म्हणाला, वढा. विहीर जितकी खाली वढाल तितकं चिरांतलं तेल वढून बाहेर येईल. आत राहू द्याल तर आतच राहील. मग शेठजींचे बैल आणि अप्पांचे बैल आळीपाळीनं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मोट ओढायला लागले. चाकाचा कुरकुराट गावाच्या अंगवळणी पडला. धनगरांकडून जुन्या घोंगड्या आणल्या. लोकर तेल पिते आणि पाणी सोडते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. घोंगडी पाण्यावर अंथरायची, काळी झाली की वर ओढायची, पिंपावर पिळायची, पुन्हा अंथरायची. पिळलेलं तेल शेठजींच्या इंजिनानं पुढल्या हंगामात निमूटपणे जाळलं.

पावसाळ्यात विहीर भरली आणि तेल दिसेनासं झालं. गावानं साखर वाटली. यल्लप्पानं साखर खाल्ली आणि म्हणाला, "लपलंय. पानी वर चढलं, तेल चिरांत अडकून खाली ऱ्हायलं. उन्हाळ्यात परत यील." ते परत आलं. पण आता पातळ नव्हतं. दाट, मळकट, आणि निम्म्याहून कमी. त्याच सुमारास हैदराबादचा अहवालही आला. नमुना अत्यंत उत्तम प्रतीचा असून निसर्गतःच शुद्ध झालेला दिसतो, तरी आणखी नमुने पाठवावेत. साहेबांनी तो मला दाखवला आणि बराच वेळ आम्ही दोघंही गंभीर चेहऱ्यानं खिडकीबाहेर पाहत बसलो. मग ते आधी हसले. तो माणूस मला तेव्हापासून आवडायला लागला.

त्या उन्हाळ्यात त्या चिरेवर एक बुळबुळीत थर धरला, पाण्याला सडक्या अंड्याचा वास येऊ लागला, आणि तांबड्या थराखालच्या भिंतीवर गंजासारखे ओघळ उतरले. मी घाबरलो. मला वाटलं, विहीर नासली. यल्लप्पानं नाक मुरडलं आणि म्हणाला, "पचायलंय." पुढे कित्येक वर्षांनी मी वाचलं, की डोळ्यांना न दिसणारे जीव खडकाच्या चिरांत राहतात आणि तेल खातात. जवळ हवा असते तोवर ती वापरून भराभर. हवा संपली की खडकातल्या लोखंडावर, पाण्यातल्या गंधकाच्या क्षारांवर भागवत, हळूहळू, कुरकुर न करता. वास त्याचा, गंजही त्याचाच. इतक्या मोठ्या कामाचं उद्घाटन कोणी केलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि मला त्या म्हाताऱ्याचं मुरडलेलं नाक आठवलं. त्याला जीव ठाऊक नव्हते. पचणं ठाऊक होतं.

*

तिसऱ्या वर्षी वैशाखात विहीर इतकी खाली गेली, जितकी आधी कधी गेली नव्हती. तांबड्या थराच्या खूप खालचा खडकही उघडा पडला. वेलाच्या नव्या रांगा उभ्या राहिल्या होत्या, कोवळ्या, पोपटी. पण काकूंनी त्यांना अजून या विहिरीचं पाणी लावलं नव्हतं. घरातही दुसरीकडून घागरी येत होत्या. काही असलं तर ते आज तळात दिसणार, आणि दिसलं तर विहीर बुजवायची, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. पाच-पन्नास माणसं काठावर जमली. यल्लप्पा खाली उतरला. वरून त्याचं पागोटं तेवढं दिसत होतं.

त्यानं चिरेवर हात फिरवला. हाताचा वास घेतला. पंचाचं टोक चिरेत खुपसलं, पिळलं, उजेडात धरून पाहिलं. मग ओंजळ भरून पाणी धरलं आणि तसाच उभा राहिला.

"कसं हाय रे?" काकूंनी वरून हाक दिली.

"वास न्हाई, काकू. रंग न्हाई."

"चव?"

खालून आवाज आला, जरा अडखळत. "तुमच्या हिरीचं... मी कसं सांगू, काकू?"

तेव्हा मला कळलं, तो ओंजळ धरून का थांबला होता. ही विहीर त्यानं खणली होती, तिच्या पोटात त्याचा अर्धा जन्म गेला होता. पण लिंगायताच्या घरचं पाणी वडारानं आपल्या हातानं घेऊन प्यावं, असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं. काठावरची माणसं काकूंकडे पाहायला लागली. अप्पांनी घसा खाकरला.

काकूंनी पदर खोचला आणि काठावर वाकल्या.

"यल्लप्पा! पिल्याबिगर वर यायचं न्हाई, सांगून ठिवते! पैल्यांदा तू पी. मग आमी."

विहिरीत आवाज घुमला आणि विरला. पागोटं खाली झुकलं. बराच वेळ ते झुकलेलंच राहिलं. एक ओंजळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मग खालून, सगळ्या खडकाला हादरवत, त्या म्हाताऱ्याची आरोळी वर आली:

"ग्वाड हाय, काकू! लय ग्वाड हाय!"

काठावर एकच गलका झाला. कोणी पागोटं उडवलं, कोणी माझ्या पाठीत धपाटा घातला. काकू मात्र वळल्या, डोळे पदरानं एकदाच पुसले, आणि बैलांपाशी उभ्या असलेल्या अप्पांवर ओरडल्या,

"बघायलाव काय? मोट सोडा!"